पोकलेनचं हायड्रॉलिक ऑइल बदलण्याआधी

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: २० टनांची पोकलेन, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ९,४०० तास. काम काळ्या दगडाच्या खाणीत, त्यात निम्म्याहून जास्त वेळ ब्रेकर, म्हणजे बकेटच्या जागी लावलेला दगडफोडी हातोडा. सकाळी मशीन छान चालते, दुपारी एकनंतर बूम (मशीनचा मोठा हात) सावकाश उचलते आणि दोन हालचाली एकत्र केल्या की दम सोडते. ऑइल काळपट झालंय, करपट वास येतो. एक मिस्त्री म्हणतो सगळं ऑइल बदला, दुसरा म्हणतो कमी होईल तेवढं टाकत राहा. तुम्हाला हवंय ते एवढं: बदलू का, ४६ नंबरचं टाकू की ६८, किती तासांनी बदलायचं, आणि सेंटरिंगवाला जुनं ऑइल मागतोय ते त्याला द्यावं का.

बदलावं लागेल. पण या आठवड्यात नको. ऑइल करपलंय म्हणजे आत कुठेतरी उष्णता तयार होतेय किंवा बाहेर पडायला तिला वाट मिळत नाहीये. ती जागा सापडायच्या आत नवीन बॅरल ओतलंत तर दोन-तीन महिन्यांत तेही असंच काळं होईल. २६ वर्षं मी खाणीतल्या आणि रस्त्याच्या कामावरच्या मशिनी उघडतोय. ऑइल बदललं, पैसे गेले आणि मशीन होती तशीच राहिली, असं सांगणारे मालक मला दरवर्षी भेटतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कारण न शोधताच ड्रेन प्लग खोललेला असतो.

कूलरपासून सुरुवात करा. तुमच्या मशीनला हायड्रॉलिक ऑइलचा कूलर रेडिएटरला लागून असतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण दोघांच्या मधल्या फटीत खडीची धूळ आणि ऑइलचा ओशटपणा मिळून जाड थर बसतो, हाताला घोंगडीसारखा लागतो. आतून बाहेरच्या दिशेनं हवा मारा, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकणार नाहीत एवढ्याच जोरानं. ओशट थर हवेनं निघाला नाही तर कूलर धुवावा लागेल. दुपारी ढिल्या पडणाऱ्या कितीतरी मशिनी माझ्यासमोर या एका कामानं ताळ्यावर आल्या आहेत. फॅनचा पट्टा ढिला आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

मग ऑपरेटरच्या शेजारी अर्धा तास बसा. बकेट पूर्ण बंद झाल्यावरही लीव्हर ओढून धरायची सवय असेल तर त्या प्रत्येक सेकंदाला पंपाचं ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून (प्रेशर जास्त झालं की उघडतो तो) टाकीत परत जातं आणि इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यात खर्च होते. ब्रेकरचंही तसंच. दगड फुटत नसताना एकाच जागी मिनिट-मिनिट ठोकत राहायचं नसतं; १५-२० सेकंदांत भेग पडली नाही तर छिन्नीची जागा बदलायची. यात ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. समजावून सांगितलं की बहुतेक जण सवय बदलतात.

हे दोन्ही ठीक निघालं तरच आतली गळती तपासा. पंपाचा केस ड्रेन होज, म्हणजे पंपाच्या आत निसटलेलं ऑइल टाकीत परत नेणारा पाइप, सोडवून, मशीन गरम असताना, ठरावीक प्रेशरला मिनिटाला किती लिटर ऑइल येतं ते मोजतात. चालेल तो आकडा तुमच्या मॉडेलच्या शॉप मॅन्युअलमध्ये असतो. गेज आणि फ्लोमीटर असलेल्याच माणसाकडून हे करून घ्या, अंदाजानं पंप खोलू देऊ नका. पंप झिजला असेल तर नव्या ऑइलनं तो भरून येणार नाही, आणि नवा पंप लाखांच्या घरात जातो. म्हणून निदान नीट होऊ द्या.

एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन ठेवा. महाग नसतो. भर दुपारी, कामाच्या मध्ये, टाकीच्या पत्र्यावर धरून तापमान वहीत लिहा. ५० ते ६५ अंश असेल तर मशीन सुखात आहे. ८० च्या वर जात असेल तर सीलचं रबर कडक होऊ लागतं आणि ऑइलचं आयुष्य झपाट्यानं घटतं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ६० ऐवजी ८० अंशांवर चालणाऱ्या मशीनमध्ये तेच ऑइल चौपट वेगानं म्हातारं होतं.

४६ की ६८ याचा उलगडाही इथेच होतो. हे आकडे म्हणजे ४० अंशांना ऑइलची जाडी, सेंटिस्टोक्समध्ये. ऑइल तापलं की पातळ होतं. साधं ४६ नंबरचं ऑइल ८० अंशांना ११-१२ वर येतं, ६८ नंबरचं १५-१६ वर. पिस्टन पंपाला १६ ते ३६ च्या मधली जाडी मानवते. त्याच्या बरंच खाली गेलं की पिस्टनच्या कडेनं ऑइल मागे निसटतं आणि बूमला जायला हवा तो प्रवाह पंपातच विरतो. तुमची मशीन दुपारी नेमकी का ढिली पडते ते आता लक्षात आलं असेल.

म्हणून डोळे मिटून ६८ टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. मॅन्युअलमधला हवामानाचा तक्ता पाहा आणि तो सांगेल ते टाका. डिसेंबरातल्या पहाटे घाटमाथ्यावर ६८ नंबरचं ऑइल इतकं घट्ट असतं की पंपाला ते ओढताना त्रास होतो, आणि गरम न करता काम सुरू केलं तर पंप रडल्यासारखा आवाज करतो. मॅन्युअल दोन्हीची मुभा देत असेल आणि मशीन बारा महिने साताऱ्या-सोलापूरच्या उन्हात राहणार असेल तर ६८ चालेल. मॅन्युअल ४६ च म्हणत असेल तर ४६ मध्येच एचव्हीएलपी प्रकारचं घ्या. साध्या एचएलपीपेक्षा ते उन्हात कमी पातळ होतं आणि थंडीत कमी घट्ट होतं. काही कंपन्या तर हायड्रॉलिकमध्ये १०डब्ल्यू इंजिन ऑइल टाकायला सांगतात, तेव्हा शेजारच्या मशीनमध्ये काय टाकलंय हे विचारून काही उपयोग नाही.

ब्रँडवर मी फार वेळ घालवत नाही. सर्वो सिस्टम असो, एन्क्लो असो की मशीन कंपनीचं स्वतःचं, ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळत असेल आणि बॅरल सीलबंद, बिलासह, अधिकृत विक्रेत्याकडून आलं असेल तर काम होतं. स्वस्त मिळालं म्हणून सुट्या डब्यांतलं घेऊ नका. एकदा एक ऑइल धरलं की तेच ठेवा. काही ऑइलमध्ये झीज रोखायला जस्ताची रसायनं असतात, काहींत नसतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की आत गाळ धरू शकतो. सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकानं काय काय ओतलंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. टॉप-अप करत राहू नका म्हणतो त्याचं हे एक कारण. दुसरं असं की करपलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि चिकट गाळ तयार झालेला असतो. त्यात १०-२० लिटर नवीन ओतलंत तर नव्यातली रसायनंही लवकर संपतात. आणि लेव्हल कमी होतेय म्हणजे ऑइल कुठेतरी जातंय, ती गळती आधी शोधा.

गळती शोधताना एक गोष्ट पक्की धरा: चालू मशीनच्या होजवरून हात फिरवायचा नाही. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, इथे ३५० बारच्या आसपास प्रेशर असतं. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत मात्र ऑइल मांस नासवत जातं. ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जाऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, त्यावर डाग उमटतो. कुणाला धार लागलीच तर साधा दवाखाना नको, सर्जन असलेल्या रुग्णालयात थेट न्या आणि हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता कचऱ्याबद्दल. मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. आणि तुमच्या पंपातल्या पिस्टनभोवतीची, कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतीची (आत सरकणाऱ्या दांड्याभोवतीची) फट असते काही मायक्रॉनपासून फार तर २०-३० मायक्रॉनपर्यंत. म्हणजे पंपाला खाणारा कण तुम्हाला कधीच दिसणार नाही. 'ऑइल बघितलं, स्वच्छ आहे' या वाक्याला म्हणूनच अर्थ नसतो. या वर्गातल्या मशीनचे दोन्ही पंप मिळून पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४०० लिटरच्या पुढे ऑइल फिरवतात, आणि मशीनमध्ये एकूण ऑइल असतं २०० ते २४० लिटर. एकदा आत शिरलेली धूळ तासाभरात शंभर वेळा पंपातून जाऊ शकते. काळ्या दगडाची भुकटी ती, आत पॉलिश पेपरचं काम करते.

ऑइल किती स्वच्छ आहे ते मोजायला आयएसओ ४४०६ नावाची पद्धत आहे. एक मिलिलिटर ऑइलमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, ते तीन अंकांत सांगतात. अंक एकानं वाढला की कण दुप्पट. अशा मशीनसाठी १८/१६/१३ च्या आसपास असावं असं धरतात. नव्या बॅरलमधलं ऑइल पुष्कळदा २१/१९/१६ इतकं असतं, म्हणजे आठपट कण. नवीन ऑइल स्वच्छच असणार, ही समजूत बरेच पंप घेऊन गेली आहे. बॅरल भरताना, वाहताना, उघडताना कचरा येतोच, आणि उरलेली कसर आपण साइटवर बादली आणि नरसाळं वापरून भरून काढतो.

तुमच्याकडे ब्रेकर आहे म्हणून आणखी एक विचारतो. ब्रेकर काढून बकेट लावता तेव्हा ब्रेकरच्या होजची तोंडं कशी ठेवता? मी पाहिलेल्या दहापैकी आठ साइटवर ती उघडी लोंबत असतात किंवा चिंधी कोंबलेली असते. पुन्हा जोडलं की आत बसलेली सगळी धूळ सरळ सिस्टीममध्ये. स्टीलची टोपणं घ्या, दोन्ही बाजूंना लावा, आणि टोपणं लावण्याआधी ती स्वच्छ पुसा. सिलिंडरच्या रॉडवर चरे असतील किंवा बाहेरचं डस्ट सील फाटलं असेल तर तिथूनही प्रत्येक फेरीला धूळ आत ओढली जाते. टाकीचा ब्रीदरही, म्हणजे टाकीत हवा ये-जा करते ते तोंड, विसरू नका. बूम वर गेली की टाकीतली लेव्हल खाली येते आणि तेवढी हवा बाहेरून आत येते. खाणीत त्या हवेत काय असतं ते तुम्ही रोज बघताच. वेळापत्रकात लिहिलंय त्याच्या निम्म्या तासांत ब्रीदरचा फिल्टर बदला.

ऑइल बदलायच्या आधी आत्ताचा रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं ऑइल गाळणारा) काढून कापून बघा. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर झटका आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. पिवळसर चमक दिसतेय पण चिकटत नाही, तर ते पितळ-ब्राँझ, पंपाच्या पिस्टनच्या पायातलं किंवा ट्रॅव्हल (मशीन चालवणाऱ्या), स्विंग (वरचा भाग फिरवणाऱ्या) मोटरमधलं. थोडी बारीक चमक चालते. नखानं उचलता येईल अशी कपची सापडली तर ऑइल विसरा, आधी पंप आणि मोटरी तपासा. काळे रबरी तुकडे म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरचं सील गेलंय. शक्य असेल तर ऑइलचा नमुना लॅबमध्ये द्या. मशीन गरम असताना, टाकीच्या मध्यातून, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. ड्रेनमधून घेतलेल्या नमुन्यात तळाचा गाळ येतो आणि आकडे फसवतात. रिपोर्टमध्ये सिलिकॉन जास्त असेल तर धूळ, तांबं जास्त असेल तर ब्राँझची झीज, नव्याच्या मानानं आम्ल वाढलं असेल तर करपणं. दर ५०० तासांनी असा रिपोर्ट घेत राहिलात तर किती तासांनी बदलायचं हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागणार नाही.

पाण्याची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. ऑइल ताकासारखं झालं की पाणी आहे हे कुणालाही कळतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते नुकसान करत असतं. तवा चांगला तापवा, १५० अंशांच्या पुढे, आणि त्यावर ऑइलचा एक थेंब टाका. शांतपणे पसरला तर ठीक, तडतडला तर पाणी आहे. चष्मा घालून करा आणि मशीनपासून लांब. पाणी येतं ते बहुधा प्रेशर वॉशरचा फवारा थेट ब्रीदरवर मारल्यानं, किंवा बॅरल उभं उघड्यावर ठेवल्यानं. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, दिवसा बॅरल तापतं, रात्री थंड होऊन आत ओढतं, आणि बुचाच्या आट्यांतून पाणी आत जातं. बॅरल शेडमध्ये ठेवा. बाहेरच ठेवायचं असेल तर आडवं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं.

तासांचं बोलायचं तर मॅन्युअलमध्ये ऑइलच्या प्रकाराप्रमाणे साधारण २,००० ते ५,००० तास लिहिलेले असतात आणि रिटर्न फिल्टर १,००० तासांनी. ते बकेटच्या कामासाठी. ब्रेकरसाठी त्याच मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असतो आणि तो मालक बघत नाहीत. तुमच्यासारखं निम्म्याहून जास्त ब्रेकरचं काम असेल तर मी रिटर्न फिल्टर २५० तासांनी बदलतो, आणि ऑइल १,५०० च्या पुढे लॅब रिपोर्ट असल्याशिवाय नेत नाही.

आता प्रत्यक्ष बदलायचा दिवस. आदल्या दिवशी मशीन धुऊन टाकीचा वरचा भाग कोरडा करा. वारा सुटलेला असेल किंवा शेजारी क्रशर चालू असेल तर टाकी उघडूच नका. ऑइल कोमट असावं, ४०-५० अंश. मशीन सपाट जागेवर, बूम खाली, आर्म आणि बकेट कशा ठेवायच्या ते टाकीजवळच्या स्टिकरवर बघा. काही मशिनींना बकेट सिलिंडर आत लागतो, काहींना बाहेर, आणि चुकीच्या अवस्थेत लेव्हल भरली तर ऑइल जास्त किंवा कमी पडतं. इंजिन बंद करून लीव्हर सगळ्या दिशांना हलवा, ब्रीदरचं बटण दाबून टाकीतली हवा सोडा, मगच झाकणाला हात.

टाकी रिकामी झाली की सक्शनची जाळी आणि फिल्टर बाहेर काढून टाकी हातानं साफ करा. कॉटन वेस्ट अजिबात नको, त्याचा धागा पंपाकडे जातो. सुती धागे न सुटणारं कापड घ्या. शेवटचा बारीक कचरा उचलायला आमच्या जुन्या उस्तादांची रीत अजून मला सगळ्यात खात्रीची वाटते: घट्ट मळलेली कणीक. गोळा तळाशी दाबत फिरवायचा, तो काळा होतो आणि टाकी स्वच्छ. तुकडा मात्र आत राहू देऊ नका. डिझेल किंवा रॉकेल टाकून मशीन फिरवून आतून धुवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते होज आणि सिलिंडरमध्ये उरतं आणि नवीन ऑइल पहिल्याच दिवशी पातळ करतं. झाकण बसवताना सिलिकॉन पेस्टचा थर थापू नका, सुटलेले तुकडे जाळीत अडकतात. ओ-रिंग नवीन टाका, बस.

भरताना शक्य तर फिल्टर असलेली ट्रॉली भाड्यानं आणा, १० मायक्रॉनचा फिल्टर पुरे. ती नसेल तर बॅरलचा हातपंप, स्वच्छ पाइप, थेट टाकीत.

यानंतरची पायरी चुकून माझ्या हातून एक पंप गेला आहे, म्हणून सावकाश वाचा. फलटणजवळच्या एका क्रशरवर संध्याकाळ झाली होती, मालकाला रात्रपाळी चालवायची होती. मी टाकी भरली आणि किल्ली फिरवली. पंपाच्या वरचा हवेचा बोल्ट खोलून आतली हवा काढायची राहिली. पंप मिनिटभर कोरडा फिरला. त्या रात्री मशीन चालली, पण चौथ्या दिवशी फिल्टरमध्ये ब्राँझच्या कपच्या आल्या. त्या मालकाचा महिना गेला आणि मी ते विसरू शकलेलो नाही. तो बोल्ट ढिला करा, बुडबुडे थांबून नुसतं ऑइल येईपर्यंत थांबा, मग घट्ट करा. त्याच्या आधी किल्लीला हात लावायचा नाही.

मग इंजिन लो आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, दहा मिनिटं. प्रत्येक सिलिंडर चार-पाच वेळा हलवा, पण शेवटाला साधारण १०० मिलिमीटर बाकी असताना थांबवा, हवा दाबली गेली तर सील जळतं. त्यानंतर तीन-चार वेळा पूर्ण. स्विंग आणि ट्रॅव्हलही सावकाश. लेव्हल पुन्हा बघा, ती खाली गेलेली असणारच.

टाकी रिकामी केली म्हणजे सगळं जुनं ऑइल गेलं असं नसतं. एकूण २३० लिटर धरा, टाकीतून निघतं १२० च्या आसपास, उरलेलं ११० होज, सिलिंडर आणि कूलरमध्ये. म्हणजे निम्मं जुनंच. तुमच्या मशीनमध्ये करपलेलं आणि न ओळखीचं ऑइल असल्यानं मी ५० तासांनी टाकी पुन्हा एकदा रिकामी करून भरायला सांगेन, मग जुनं पाव भागावर येईल. खर्च दुप्पट वाटतो, पण या एका वेळेपुरताच. त्याच ५० तासांना रिटर्न फिल्टरही बदला आणि कापून बघा.

राहिला सेंटरिंगवाला. आपल्याकडे जळकं ऑइल शटरिंगच्या प्लेटांना लावायची पद्धत सगळीकडे आहे, पण देऊ नका. ते पावसानं धुऊन थेट जमिनीत आणि विहिरीत जातं, आणि काम करणाऱ्या पोरांच्या हातांना दिवसभर लागत राहतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत रीसायकलरलाच द्यावं लागतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का ते विचारून घ्या. ते बॅरलमागे पैसे देतात आणि गाडी पाठवतात. जुनं ऑइल वेगळ्या, झाकणाच्या बॅरलमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि ते बॅरल नव्या ऑइलच्या शेजारी ठेवू नका. रात्रीच्या घाईत हेल्परनं तेच परत मशीनमध्ये ओतल्याचं मी दोन वेळा पाहिलंय.